हुकुमाच्या खालच्या दोन ओळी

माझं पोट लोकांना लागणाऱ्या परवानग्यांवर चालत होतं, हे आधीच सांगून टाकतो. निजामी अमलात सरकारी कागद उर्दूत चाले. आमच्या भागातल्या माणसाला घरात मराठी येई, बाजारात वेळ मारून नेण्यापुरती दखनी येई, आणि कागद समोर आला की अंगठा पुढे करता येई. मी उर्दू मदरशात शिकलो होतो. त्यामुळे तहसिलीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून मी बसे आणि लोकांच्या दरख्वास्ती लिहून देई. आमच्यासारख्यांना अर्जनवीस म्हणत.

त्या काळात इजाजत, म्हणजे परवानगी, कशाकशाला लागे हे आज सांगितलं तर पोरं हसतात. तालीम काढायची, इजाजत. वाचनालय काढायचं, इजाजत. चार माणसं जमवून व्याख्यान ठेवायचं, इजाजत. जर्मनीची लढाई सुरू झाल्यावर तर कहरच झाला. पोरीच्या लग्नाला जास्तीची साखर, शेजारच्या तालुक्यातल्या बहिणीला दोन पोती ज्वारी, इंजनाला तेल, सगळ्याला कागद. लोक वैतागत, शिव्या देत आणि माझ्या सतरंजीवर येऊन बसत. सरकारने एखादी नवी बंदी घातली की मी तोंडाने हळहळे आणि शाईची पुडी जास्तीची आणून ठेवे.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी मी स्वातंत्र्यवादी असे. तहसिलीच्या गावी आम्ही पाच-सहा जण एका खोलीत जमायचो. सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून आलेलं, आठ-दहा दिवसांचं शिळं मराठी वर्तमानपत्र वाचायचो. जबाबदार राज्यपद्धती, नागरिकांचे हक्क, हे शब्द तोंडात घोळवायचो. आमच्या वाचनालयाची दरख्वास्त मीच लिहिली होती आणि ती नामंजूर झाली होती. हुकुमात कारण दिलं होतं, ‘नक्स-ए-अमन का अंदेशा’. म्हणजे शांतताभंगाची भीती. पन्नास पुस्तकांनी कुणाची शांतता भंगणार होती ते देव जाणे. त्या शब्दांवर आम्ही महिनाभर दात-ओठ खाल्ले.

नातवंडं मला समजावतात, की आजोबा, तेव्हा सगळेच असे होते. मुळीच नव्हते. मी ज्या बाईबद्दल लिहितोय ती तशी नव्हती. म्हणून तर लिहायला बसलोय.

आमचं गाव चुडावा स्टेशनापासून तासाभराच्या पायवाटेवर. सरकारी सुट्टी शुक्रवारची, तेव्हा मी गुरुवारी संध्याकाळी गावी येई आणि शनिवारी पहाटे परत निघे. आमच्या घरापासून चार घरं सोडून एका लिंगायत विधवेचं किराणा दुकान होतं. गाव तिला अक्का म्हणे. वयाने माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज खणखणीत. नवरा गेल्यावर भाऊबंदांनी दुकान बंद करायला सांगितलं होतं, आणि तिने दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं होतं. पदरी एक मुलगी. अक्षर एक ओळखीचं नव्हतं, पण कोणत्या घरात तेल कधी संपणार हे तिला त्या घरच्या सुनेआधी कळे.

एका शुक्रवारी गावात गेलो तर तिच्या दुकानामागच्या छपरापुढे गर्दी. आत लोखंडाचं धूड. एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातलं जुनं तेलावरचं इंजन तिने विकत घेतलं होतं, रेल्वेने चुडाव्याला उतरवून दोन बैलगाड्या जुंपून गावात आणलं होतं. सोबत चक्कीचे दोन दगड. गावात पिठाची गिरणी निघणार होती.

आमच्या आसपास गिरणी एकच, पूर्ण्याला. जंक्शनचं गाव, रेल्वेचे लोक, तिथे ती जोरात चाले. आमच्या गावच्या बायका सणावाराला, लग्नकार्याला डोक्यावर पायली-दोन पायली घेऊन तिथवर जात. गिरणीवाला आधी रेल्वेच्या बाबूंचं दळे, मग सावकारांचं, मग यांचं. कधी कधी ‘उद्या या’ म्हणे. डोक्यावर ओझं घेऊन पाच कोस आलेल्या बाईला ‘उद्या या’. एरवी रोजचं दळण घरच्या जात्यावर, तांबडं फुटायच्या आधी.

अक्काने मला हाक मारली. “भाऊ, बरं झालं आलाव. लोकं मनायलेत की कागद लागतोय म्हनून. खरं हाय का?”

“लागतो की. इंजन बसवायला तहसीलदाराची इजाजत लागते. तेलाला वेगळी.”

“इंजन माझं, जागा माझी. इजाजत कशाची?”

मी हसलो. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला नाही, या आनंदात माणूस जसा हसतो तसा. म्हणालो, “अक्का, सरकारला लोकांची काळजी असते. उद्या काही झालं तर?”

“काळजी हाय तर सरकारनं दळून द्यावं,” ती म्हणाली. “ते देत न्हाई, मी द्यायलेय तर मधी कामून उभं ऱ्हातंय?”

तिच्या ओसरीवर बसून मी दरख्वास्त लिहायला घेतली. माझ्या सवयीप्रमाणे मी आरंभ केला की अर्जदार ही एक निराधार विधवा असून गावातल्या गोरगरीब भगिनींच्या सेवेसाठी आणि पुण्यप्राप्तीसाठी… लिहिता लिहिता मराठीत सांगतही होतो. तिने मला तिथेच थांबवलं.

“हे कोण मनालं तुमाला? पुण्य करायला न्हाई काढायलेय मी गिरणी. मला कमवायचंय. पोरीचं लगीन करायचंय, म्हातारपनी कुनाच्या दारात बसायचं न्हाई मला.”

“असं लिहिलं तर मंजूर होणार नाही, अक्का. नफ्यासाठी म्हटलं की साहेबाच्या कपाळाला आठी पडते.”

“साहेब पगार घेत न्हाई का? तेबी पुण्यच करायलेत?” मग जरा शांतपणे म्हणाली, “हे बगा, माझं दळन चांगलं असलं तर बाया येतील. खराब असलं तर न्हाई येनार, मी बुडंल. कुनाचं बकोट धरून थोडीच आननार हाय? ज्याला जात्यावर दळायचं त्यानं दळावं की.”

मला त्या वेळी तिचा थोडा तिटकारा आला, हे कबूल करतो. मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस. लोकहित, त्याग, असल्या शब्दांवर माझा जीव. ही बाई उघड उघड ‘मला कमवायचंय’ म्हणते आणि तिला लाजही वाटत नाही. तिच्या त्या चार वाक्यांत मी संध्याकाळी ज्याच्यावर तावातावाने बोलायचो ते सगळं होतं, आणि माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. पुण्याचं वाक्य मी तसंच ठेवलं आणि तिला सांगितलं की काढलं.

दरख्वास्त मात्र झकास उतरली. प्रत्येक कागदाच्या खाली अर्जनवीसाला ‘बकलम’ म्हणून आपलं नाव घालावं लागे, म्हणजे अमक्याच्या लेखणीतून. मी माझं नाव जरा ठसठशीतच घातलं.

घरी आलो तर बायको खुशीत होती. तिचा उजवा खांदा जात्याने धरला होता. हात वर करून केस विंचरता येत नसत, माझी आई विंचरून देई.

“गिरनी आली की,” ती म्हणाली, “सकाळचा तेवढा येळ मी नुसती पडून ऱ्हानार हाय.”

“आणि काय करशील त्या वेळात?”

“काईच न्हाई. माझा येळ हाय न्हवं?”

मी तिची थट्टा केली, की आळशी बायकोच्या नवऱ्याने दरख्वास्त कुणाकडे करायची. तीही हसली.

पंधरवड्याने लिंबाखाली पूर्ण्याचा गिरणीवाला आला. सोबत आमच्याच गावची पाच-सहा वडीलधारी माणसं. त्यांना त्याने कसं वळवलं ते मला त्या दिवशीच कळलं. एकाचा मुलगा त्याच्याकडे कामाला, दुसऱ्याला बाईमाणसाने इंजन चालवणं पसंत नाही, तिसरा भिडेखातर आलेला. गिरणीवाला बोलायला अति गोड. सतरंजीच्या कडेला अदबीने बसला. म्हणाला, “आमाला उजर दाखल करायचाय.” उजर म्हणजे हरकत.

मला खरंतर उठूनच जायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, की त्या बाईंचा अर्ज मी लिहिलाय, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.

“ते माहीत हाय आमाला,” तो म्हणाला. “तहसिलीतल्या पेशकार सायबानं दाखवला. काय लिवलाय! पेशकार मनाले, ह्याला तोड न्हाई, हा मंजूर होनारच. दोघा अर्जनवीसांकडं जाऊन आलाव, दोघांनी हात टेकले. मनाले, ज्यानं लिवला त्यालाच जमलं तर जमंल.” आणि मग जरा मान वाकडी करून, “तुमालाबी न्हाई जमायचं म्हना.”

एवढंच. कुणी मला धमकावलं नाही, नोकरीचं आमिष दाखवलं नाही. लेखणावळ नेहमीचीच दिली. मी गरिबीने पिचलो होतो म्हणून केलं असं सांगता आलं असतं तर आज किती बरं झालं असतं! तसं काही नव्हतं. माझ्याच दरख्वास्तीला मला तोड काढून दाखवायची होती. मनाला समजावायला एक सबबही तयार होती. अर्जनवीस काय, तराजूवाल्यासारखा. कुणाचाही माल तोलायचा.

मी लिहायला बसलो आणि रंगत गेलो. त्या लोकांनी सांगितलेली कारणं पोरकट होती, बैल बुजतील, म्हशी दूध चोरतील. ती मी खाली ढकलली. वर घातलं की लढाईच्या या बिकट दिवसांत सरकारचं तेल खाजगी नफ्यासाठी जाळणं गैर आहे. मग घातलं की गिरणीवर सर्व जातींच्या बायका एकत्र गोळा होतील, कुणाचं पीठ कुणाच्या पिठात मिसळेल, त्यावरून तंटे होतील. आणि मग हात जरा थांबला. साहेबाची लेखणी कोणत्या शब्दाने हलते हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या वाचनालयाच्या हुकुमात तो मी वाचलेला होता. मी लिहिलं, ‘नक्स-ए-अमन का अंदेशा’. लिहिल्यावर मी ते वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गिरणीवाल्याने मान डोलवली. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

खाली अंगठे उमटले. त्याखाली मी बकलम घातलं.

आम्हाला ज्या दोरीने बांधलं होतं तीच मी एका बाईच्या गळ्यात टाकतोय, हे मला त्या क्षणी दिसलं नाही असंही नाही. दिसलं. पण संध्याकाळच्या गोष्टी संध्याकाळी, असं मी माझं घड्याळ लावून घेतलं होतं. त्याच दिवशी दिवेलागणीला आमच्या खोलीत मी नागरिकांच्या हक्कांवर बोललो, आणि मित्र म्हणाले की आज तुझ्या बोलण्याला धार आहे.

हुकूम आला तो एका शुक्रवारी दुपारी अक्का माझ्या ओसरीवर घेऊन आली. गावच्या पाटलाकडे आलेला कागद तिने कुणाला उघडू दिला नव्हता. पाटलाचा कारकून वाचून देतो म्हणाला तर ती म्हणाली होती, भाऊ येईपर्यंत थांबते. दोन दिवस थांबली होती. बायको आतून दाराशी येऊन उभी राहिली.

मी कागद उलगडला. तहसीलदाराने डोकं चालवायची तसदी घेतली नव्हती. माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवून काढली होती. तेल, जाती, तंटे, सगळं त्याच क्रमाने. ‘नक्स-ए-अमन’सुद्धा. खाली, दरख्वास्त नामंजूर. आणि त्याच्याखाली दोन ओळी: हा हुकूम ज्याला मान्य नसेल त्याला तीस दिवसांच्या आत अव्वल तालुकदारांकडे अपील करता येईल, त्यासाठी या मिसलीतल्या, म्हणजे प्रकरणाच्या फायलीतल्या, सर्व कागदांच्या नकला मिळतील.

अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा मोठा साहेब, परभणीला. तिथे वकील होते, मराठी बोलणारे. अक्का वकील लावणार. वकील मिसल मागवणार. मिसलीत उजर. उजराच्या खाली बकलम. हे सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात उलगडत गेलं.

“वाचा की,” अक्का म्हणाली.

मी वाचू लागलो. माझीच उर्दू मी तिला मराठीत सांगत होतो. ती मधेच म्हणाली, “अमन म्हंजी काय?”

“शांतता.”

“माझ्या गिरनीनं शांतता मोडतीया?”

“त्यांना तशी भीती वाटते.”

“कुनाला?”

मी म्हणालो, “सरकारला.”

तिने पदराने तोंड पुसलं. मग कागदाकडे बोट केलं. अक्षर येत नसलं तरी ओळी दिसत होत्या तिला. “खाली आनिक दोन वळी हायत. त्या न्हाई वाचल्या तुमी.”

“ते दस्तुराचं असतं. सही-शिक्क्याचं. प्रत्येक कागदावर असतं.”

“मंग आता वरती कुनाकडं जाता येत न्हाई का?”

मी तिच्याकडे पाहून म्हणालो, “नाही.”

तिने कागद घेतला, चार घड्या घातल्या, कमरेला खोवला. लेखणावळ नव्हती तरी वाचणावळ म्हणून ओटीतून मूठभर शेंगा काढून ओसरीवर ठेवल्या. म्हणाली, “तुमी तरी काय करनार.” आणि उतरून गेली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, “अवो, माझ्या भावाच्या बांधाचा कागद आला तवा वरच्या सायबाकडं जायचं लिवलं व्हतं. तुमीच वाचला व्हता तो.”

“ती जमिनीची बाब. ही वेगळी. कळत नाही त्यात तोंड घालू नको.” मी तिच्यावर ओरडलो. लग्न झाल्यापासून इतक्या मोठ्याने मी तिच्याशी बोललो नव्हतो. ती आत गेली. त्यानंतर तिने त्या कागदाचा विषय काढला नाही, आणि ते न काढणंच मला जास्त टोचत राहिलं.

तीस दिवस म्हणजे माझे चार शुक्रवार. पहिल्या शुक्रवारी मी अक्काच्या दुकानाकडे फिरकलो नाही. दुसऱ्या शुक्रवारी मागच्या बोळातून गेलो, तर छपराखाली इंजनावर तिने गोणपाट पांघरून वर दगड ठेवले होते. तिसऱ्या शुक्रवारी मनाशी ठरवलं की सांगायचं. काय सांगायचं तेही जुळवलं. त्या दोन ओळी मी नीट वाचल्या नव्हत्या, घाईत चूक झाली, अजून वेळ आहे, परभणीला जा. बकलमचं तेवढं बोलायचं नाही, कळलं तर कळलं. दुकानापर्यंत गेलो. ती गूळ फोडत होती. मला बघून म्हणाली, “या भाऊ. गूळ देऊ का? चांगला आलाय.” मी गूळ घेतला आणि घरी आलो. चौथ्या शुक्रवारी मी गावीच आलो नाही. तहसिलीला काम आहे असा निरोप धाडला आणि दिवसभर सतरंजीवर एकटा बसून राहिलो. सुट्टीच्या दिवशी तिथे कावळाही येत नसे.

मुदत टळली त्या दिवशी मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री जेवण गोड लागलं.

पुढे वर्षभराने अक्काने ते इंजन नांदेडकडच्या एका बागाईतदाराला विहिरीवर बसवायला देऊन टाकलं. गाडीवर चढवताना ती स्वतः उभी राहून चाकांखाली कडबा घालायला सांगत होती, धक्का बसू नये म्हणून. चक्कीचे दगड कुणी घेतले नाहीत. पूर्ण्याचा गिरणीवाला निर्धास्त झाला. त्याची वागणूक आधी होती त्याहून चढेल झाली, आणि का होऊ नये? त्याला चांगलं दळायची गरजच उरली नव्हती. त्याची गिरणी पिठापेक्षा माझ्या कागदावर जास्त चालत होती. माझ्या बायकोचा खांदा पुढे इतका गेला की जातं डाव्या हाताने ओढावं लागे.

पुष्कळ वर्षं मी हे सगळं निजामावर घालत आलो. राज्यच वाईट, त्याला कोण काय करणार. पण त्या हुकुमातलं एक वाक्यही निजामाचं नव्हतं. तहसीलदाराचंसुद्धा नव्हतं. राज्याने फक्त एक दार केलं होतं आणि प्रत्येकाने त्यातूनच जायचं असं ठरवलं होतं. दाराशी बसून मी माझ्या शेजारणीला अडवलं. दार नसतं तर गिरणीवाल्याला फार तर दळण स्वस्त करावं लागलं असतं, आणि मला माझी हुशारी दुसरीकडे कुठेतरी खर्च करावी लागली असती. राजा चांगला आला म्हणजे हे संपतं असं मला वाटत नाही. विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असं जिथे ठरतं, तिथे माझ्यासारखा कुणीतरी सतरंजी टाकतोच. हे मला अक्काने त्या पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, साध्या शब्दांत, आणि मी तिला समजावत बसलो होतो.

अठ्ठेचाळीस साल सरत आलं होतं. निजामी गेली होती. आमच्या खोलीतले मित्र आता उघड्यावर भाषणं करत होते, मीही दोन ठिकाणी केलं. टाळ्या पडल्या. माणसांना वाटत होतं आता सगळं मोकळं होणार. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली मात्र गर्दी तेवढीच होती. जुन्या इजाजती नव्या साहेबांकडून पुन्हा घ्यायच्या होत्या. मी सतरंजी गुंडाळली नव्हती.

एक दिवस अक्का तिथे आली. केस पांढरे झाले होते, चाल तशीच. मुलीचं लग्न कसंबसं करून दिलं होतं. सोबत जावई, पंचविशीचा, चार बुकं शिकलेला, हातात पिशवी. त्याला त्याच्या गावी पिठाची गिरणी काढायची होती.

मी दोघांना बसायला सांगितलं. जावई जरा बावचळला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सासूला हळूच म्हणाला, “आत्याबाई, तिकडं त्या कोपऱ्यातले लय तरबेज हायेत मनतेत. त्यांचे अर्ज नामंजूर होत न्हाईत.”

“न्हाई,” अक्का म्हणाली. “यांच्याकडूनच लिवून घ्यायचं.”

“पर तुमचा तर यांनीच लिवला व्हता. न्हाई झाला मंजूर.”

मी कागद पुढे ओढून त्यावर दाब ठेवत होतो. मान वर केली नाही.

“मंजूर न्हाई झाला ते सरकारचं काम,” ती त्याला म्हणाली. “त्यात यांचा काय दोष? गावात कागद वाचनारे लय व्हते. एक वळ वाचतेत आन दोन वळी खातेत. मी दोन दिस कागद कमरंला ठिवून बसले, पर दुसऱ्याला दावला न्हाई. कागदात वाईट असलं तरी ह्यो मानूस ते खरं वाचून दावतो. तुला आयुष्यात दुसरं काय पायजे? पाया पड त्यांच्या.”

आता बोलायचं, असं मी मनात म्हणालो. मधल्या त्या सगळ्या वर्षांत इतकी सोपी वेळ आली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडलंही असेल, कारण अक्का माझ्याकडे बघून थांबली, मी काही म्हणतोय का म्हणून.

जावई उठला आणि वाकला. त्याचे दोन्ही हात माझ्या पायांना लागले. मी पाय मागे घेतले नाहीत.